बाळारामचं टायमिंग

माझा दीर बाळाराम दातांनी ऐकतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ दातांत धरतो आणि डोळे मिटून उभा राहतो. नारपोलीला लूमच्या खडखडाटात जन्म काढला, कान तिथेच ठेवून आला. माणसाचं बोलणं ओरडल्याशिवाय कळत नाही, पण इंजिनाची कुरबुर दातांतून बरोबर समजते. समोरचे दोन दात त्यातच झिजले. बायको आधीच गेली, त्यामुळे तिला हे बघावं लागलं नाही.

इंजिन आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं. माझ्या नवऱ्याने घेतला तेव्हाच जुना होता. पेट्रोलवर चालू व्हायचा आणि तापला की घासलेटवर पळायचा. आता नवरा नाही आणि शेतही नाही. शेतावर गोडाऊन उभी आहेत. ट्रॅक्टरच्या शेडपुढे एका गोडाऊनची भिंत, मागे दुसऱ्याची. मधून स्कूटर निघेल एवढी वाट. ट्रॅक्टर बाहेर काढायचा तर वरून क्रेनने उचलावा लागेल. तरी बाळाराम रोज सकाळी त्याचं टायमिंग लावतो.

टायमिंग म्हणजे काय ते मला आता पाठ आहे. इंजिनात पेट्रोलची वाफ दाबली जाते, तिला ठिणगी नेमक्या वेळी लागली पाहिजे. लवकर लागली तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. उशिरा लागली तर इंजिन नुसतं खोकतं.

"आगीची येळ साधली पायजे," असं बाळाराम ऊठसूट सांगतो. एकदा मी म्हटलं, "आगीची येळ मला नको शिकवू. नवऱ्याच्या चितेची बघितली, पोराच्या चितेची बघितली."

त्याला ऐकू गेलं नाही. किंवा गेलंही असेल. त्याचं काही सांगता येत नाही.

पोरगा म्हणजे दिनेश. एकुलता एक. आमच्याच शेतावरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. ड्युटीवरून मोटारसायकलने घरी येताना काल्हेरच्या रस्त्यावर ट्रेलरने त्याला चिरडलं. बाराव्याची मंडळी जेवून गेली आणि मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. रडत नव्हते. मला फक्त उठायचं नव्हतं. भाकरी घशाखाली उतरत नव्हती. शेजारणी यायच्या, "काकी, दोन घास खा," म्हणायच्या आणि उशाशी बसून आपापल्या सुनांच्या कागाळ्या करायच्या. निजलेली बाई उठून जात नाही, याचा त्यांना फायदा. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर ही बाई फार दिवस काढणार नाही. मला त्यात वाईट काही दिसलं नाही.

मग एका सकाळी बाळाराम दारात आला. हात कोपरापर्यंत काळे.

"वयनी, अंगठा पायजे."

आमच्याकडे अंगठा मागतात तो जमिनीच्या कागदांवर. मी म्हटलं, "आता काय विकायचं ऱ्हायलंय? आणि मला सही येते, चौथी शिकलेय मी." आणि हवेत सही करून दाखवली.

"सही काय करू? अंगठाच पायजे. चल!"

तो दारात उभा राहून ओरडतच राहिला. त्याला गप्प करायचं म्हणून मी उठले.

त्याने इंजिनाचा पहिला प्लग काढून ठेवला होता. त्या भोकावर मला अंगठा दाबून धरायला लावला आणि स्वतः पुढे जाऊन हँडल फिरवायला लागला. "हवेनं अंगठा उडवला का वरड!"

आतून हवा चढली आणि अंगठा फट्कन उडाला. "उडाला!" मी ओरडले. दिनेश गेल्यापासून माझा एवढा मोठा आवाज मीच ऐकला नव्हता. मग त्याने प्लगना ठिणगी वाटून देणारा डबा इवलासा फिरवला, तारेला जोडलेला बारका दिवा लागला तसा बोल्ट आवळला आणि प्लग परत बसवला. इंजिन चालू झालं. स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून तो गणपतीसमोर उभा राहिल्यासारखा उभा. मग इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "वयनी, टायमिंग सरकलं."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. हँडल मारायला एक आणि अंगठा धरायला एक, काम दोघांचं. मग हात धुवायचे, मग चहा, चहाबरोबर भाकरी. खाता खाता तो माझ्या ताटात डोकावायचा. "अर्धी टाकलीस. अर्ध्या टाकीवर इंजिन चालतं, मानूस न्हाय."

गोडाऊनचा वॉचमन भिंतीवरून ओरडून विचारायचा, "चाचा, गाडी जायेगी किधर?"

"पहले चालू तो होने दे!"

मला एक कळत नव्हतं. नवऱ्याच्या वेळी एकदा टायमिंग लावलं की हंगाम निघायचा. आता एवढा आवळलेला बोल्ट रोज सरकतो कसा?

एकदा दिवस मावळताना काटक्या आणायला शेडमध्ये गेले. बाळाराम पाठमोरा होता. पान्याने तोच बोल्ट ढिला करत होता. डबा जरा फिरवला आणि फडक्याने पुसून घेतला. मी मागे उभी आहे हे त्याला कळलं नाही. मी शिवी हासडणार, तेवढ्यात तो रिकाम्या सीटकडे बघून बोलायला लागला. त्याच्या हिशेबाने हळूच. त्याचं हळूच दोन्ही गोडाऊनना ऐकू जातं.

"दिन्या, उठते आता तुझी आई. शिव्या पन देते मला. पन अजून अर्धी भाकरी टाकते. आख्खी खायला लागली का हे बंद करीन."

मग फडकं झटकत म्हणाला, "मंग सकाळचा मी कुठं जाऊ, ते मातर तू सांग."

काटक्या न घेताच मी परतले.

सकाळी टायमिंग सरकलेलं होतं. मी अंगठा धरला.

आता मला भूक लागते. चांगली दोन भाकऱ्यांची लागते. तो गेला की ओट्याशी उभी राहून खाते. पण तो समोर असला की अर्धी भाकरी ताटात ठेवते आणि ताट बाजूला सारते.

"अजून टाकतेस!" तो ओरडतो.

"जात न्हाय रे," मीही ओरडते.