पाचव्या टेकचा आनंद

शूटिंगसाठी सोफा दाराकडून खिडकीकडे गेला आणि सासूबाई मेकअपवाल्यासमोर जाऊन बसल्या. "मलाही थोडं लाव. पुन्हा आजी होणार म्हटल्यावर मी दिसणारच ना टीव्हीत," त्या म्हणाल्या.

सुनेच्या हातातला आरसा निसटता निसटता राहिला. ती टीव्हीवरच्या सौंदर्यस्पर्धेत तिसरी आली होती. त्यानंतर लग्न झालं, दोन मुली झाल्या. आता चॅनल त्याच स्पर्धकांच्या संसारावर कार्यक्रम करत होतं आणि तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. मागच्या दोन्ही वेळी सासूबाईंनी परस्पर ओळखलं आणि मुलाला फोन करून मोकळ्या झाल्या. या वेळी तरी नवऱ्याला आपल्या तोंडून कळावं, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून तिने चॅनलशी ठरवलं होतं की सांगायचं ते कॅमेऱ्यासमोर, तोवर घरात कुणालाच नाही.

"आई, ह्यांना सांगितलंत?"

"छे गं. माझ्या लेकीला सांगितलं फक्त, फोनवर."

"मी शाळेत बाईंना सांगितलं," थोरली म्हणाली.

संध्याकाळी नवरा आला. तो पंपाच्या कारखान्यात तपासनीस होता. पंप चालला तरी "बरं" म्हणायचा आणि फुटला तरी "बरं" म्हणायचा. तिने त्याचा हात धरला, कॅमेऱ्याकडे डावा गाल केला आणि सांगितलं, "अहो, आपल्याकडे आणखी एक जण येतंय."

"बरं," तो म्हणाला आणि खाली बसला.

"कट. यांना आधीच माहीत होतं," डिरेक्टर म्हणाला. "आजी, तुम्हीच फोडलंत."

"मी नाही हो."

तिला रडू कोसळलं. डिरेक्टरने ते तेवढं ठेवून घेतलं आणि नवऱ्याला आश्चर्य कसं वाटतं ते करून दाखवलं. दुसऱ्या वेळी नवऱ्याने सांगितल्याप्रमाणे हातातली पिशवी टाकली, तर डबा उघडून तेल गालिच्यावर गेलं. तिसऱ्या वेळी मिठी आईला बसली, कारण आई सरकत सरकत कॅमेऱ्यासमोर आली होती. चौथ्या वेळी उडी मारताना डोकं दिव्याला लागलं. पाचव्या वेळी सगळं जमलं. "आता कसं खरं वाटलं," डिरेक्टर म्हणाला आणि सामान आवरून मंडळी गेली.

ती आत जाऊन चेहरा पुसत बसली. नवरा कपाळाला बर्फ लावून दारात उभा राहिला.

"माहीत होतं ना तुम्हाला?"

"नाही."

"उगाच काहीतरी. तोंडावरची रेष हलली नाही तुमच्या."

"मला काही सुचलंच नाही गं. माहीत असतं तर आज सकाळी कपाटामागचा पाळणा कारखान्यातल्या स्टोअरकीपरला कशाला देऊन आलो असतो? म्हटलं, तुझ्या शूटिंगला घर जरा मोकळं दिसेल."

तिने वळून कपाटामागे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. म्हणजे बातमी खरंच तिच्याच तोंडून कळली होती. इतका आनंद तिला स्पर्धेत तिसरी आली तेव्हाही झाला नव्हता.

"मग उद्या परत मागून घ्या ना."

"कसा मागू? पुन्हा लागणार नाही ना, असं तो सारखा विचारत होता. मी चारचौघांत छातीठोकपणे सांगून आलोय, आमचं आता पुरे." त्याने बर्फ दुसऱ्या हातात घेतला. "कार्यक्रम कधी लागणार आहे तेवढं विचारून ठेव. त्या आठवड्यात मी रजा टाकतो."