जरी चमकली, मोटार राहिली

अकोल्याच्या शेषरावांनी अमरावतीला सासऱ्यांना कार्ड टाकलं, ते मोठ्या ऐटीत: "रविवारी मोटार घेऊन येतो. गल्लीत सांगून ठेवा."

मोटार जुनीच, कुण्या साहेबानं जाता जाता विकलेली. पण होती मोटार! शकुन बाळंतपणाला माहेरी गेली त्याला सहा महिने झाले होते, आणि तीन महिन्यांच्या लेकीचं तोंड शेषरावांनी अजून पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की घर खायला उठायचं. मग ते बाहेर येऊन मोटारीचे दिवे पुसत बसायचे. लढाईचे दिवस. तीन महिने कुपनांवर थोडं थोडं पेट्रोल मिळालं, ते त्यांनी डब्यांत साठवलं. शुक्रवारी टाकीत ओतलं, तर टाकी खालून ठिबकायला लागली!

कल्हईवाले बद्रुद्दीनचाचा भट्टी घेऊन आले. टाकी उतरवली, पेट्रोल पुन्हा डब्यांत भरलं.

"हे डबे आगीपासून दूर न्या, शेषरावभाऊ. नाही तर तुमी-आमी दोघंही वरती जाऊ."

शेषरावांनी डबे पार मागच्या परसात नेऊन ठेवले. तिथं त्यांच्या आत्या गोदाबाई बसल्या होत्या.

"हे काय आनलं रे?"

"पेट्रोल. शकुनसाठी आहे," शेषराव म्हणाले आणि घाईनं परतले. टाकीपुढं त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

बद्रुद्दीनचाचांनी टाकी पाण्यानं दहादा धुतली, उन्हात वाळवली, दुसऱ्या दिवशी कथील वितळवून भोक बुजवलं. रविवारी सकाळी टाकी मोटारीला बसली. पाणी भरून पाहिलं, एक थेंब गळेना. शेषराव परसात धावले.

दोरीवर शकुनचा लग्नातला शालू वाळत होता. शेजारी शेषरावांचा कोट, दोन शाली, आणि शेजारच्या बायकांची सहा लुगडी. डबे पालथे.

"पाह्य जरी कशी निघाली," गोदाबाई म्हणाल्या. "पेट्रोलनं रेशीम नवं होते म्हनतात. तू म्हनला ना, शकुनसाठी आहे? माही सून घरी येऊन राहिली. तिले शालू नवा दिसला पाह्यजे."

शेषरावांनी कपाळावर हात मारला. पण आत्याचे डोळे भरून आले होते. तिलाही सुनेवाचून करमत नव्हतं. रागवायचं तरी कुणावर?

धुतलेला कोट चढवून शेषराव स्टेशनावर गेले. आगगाडीच्या डब्यात त्यांच्या कोटाचा पेट्रोलचा वास येताच लोकांनी विड्या विझवल्या आणि बाक मोकळा करून दिला. बडनेऱ्याला गाडी बदलून ते दुपारी सासऱ्यांच्या गल्लीत शिरले. गल्ली दुतर्फा उभी होती. वामनराव सासरे हार घेऊन जावयाच्या मागं बघत राहिले.

"मोटार कुठं आहे?"

"टाकी गळत होती," शेषराव पुटपुटले. "आगगाडीनं आलो."

दाराआडून शकुन पुढं झाली. कडेवर लेक होती. सहा महिन्यांत शकुन वाळली होती, आणि शेषरावांना वाटलं, आपण इतके दिवस जगलो तरी कसे.

"आगगाडी तर रोज येते," शकुन हळूच म्हणाली. "मी काय मोटारीची वाट पाहून राहिली होती?"

"पन टाकी..."

"तीन महिने गळत होती?"

शेषरावांनी मान खाली घातली आणि लेकीला घ्यायला हात पुढं केले.