खांबेटेकाकांचं माप

आमच्या वास्तुशांतीला खांबेटेकाका स्टीलचा टेप घेऊन आले होते. इतर लोक फुलं घेऊन आले, मिठाई घेऊन आले. काकांनी आल्या आल्या माझ्या गॅरेजच्या दाराची रुंदी दोन ठिकाणी मोजली, मान हलवली आणि मग सत्यनारायणाला नमस्कार केला. प्रसादाचा द्रोण हातात घेताना मला म्हणाले, "डावीकडे पाऊण इंच बाहेर आहे. बिल्डरला सांगितलंत का?" आयुष्यातलं पहिलं घर घेऊन मला चार दिवस झाले होते. त्या पाऊण इंचाने माझा शिरा कडू झाला.

"आधी माप, मग बोल," हे त्यांचं ब्रीदवाक्य. पुण्यात मशीनच्या कारखान्यात उमेदवारी करून पुढे चाळीसेक वर्षं टेक्सासमध्ये इंजिनियर म्हणून नोकरी केली, आता रिटायर. फ्रिस्कोतल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या शेजारचं. टेप कायम पँटच्या उजव्या खिशात, पेन्सिल कानावर. माणूस विचारात पडला की टेप दोन फूट बाहेर ओढतो आणि सोडून देतो. खट्ट! पलीकडे काकांचा विचार चालू आहे हे मला कुंपणाच्या अलीकडे कळतं.

त्यांचा दुसरा दोष याहून गंभीर. त्यांच्यासमोर कुणी काही सहज बोललं की काका ते ऑर्डर समजतात. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी म्हणालं, "मखर जरा बुटकं वाटतंय, नाही?" पुढच्या वर्षी काकांनी असं मखर बांधलं की हॉलवाल्यांनी छताला भोक पडेल म्हणून आरती थांबवली. माझी बायको एकदा म्हणाली, "काका, तुमचा झोपाळा माझ्यासाठी उंचच आहे हो." तिसऱ्या दिवशी झोपाळा दोन इंच खाली. तेव्हापासून ती त्यांच्यासमोर "उकडतंय" म्हणायलासुद्धा घाबरते.

काकांच्या घरात गाडी चालवायच्या त्या कमलकाकू. काकांनाही चालवता येते. म्हणजे टेक्सास राज्याचं तसं मत आहे. काकू एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होत्या. अमेरिकेत आल्यावर त्यांनी स्वतःच्या पसंतीने एक जुनी गाडी घेतली. एकोणसत्तरची, दोन दारांची, लांब नाकाची, बोनेटखाली दांडगं इंजिन असलेली. आता तिला लोक मसल कार म्हणतात आणि तिच्याबरोबर फोटो काढतात. तेव्हा ती कुणालाच नको असलेली गाडी होती. पाच फूट उंचीच्या काकू नऊवारीतल्या आजीसारखी पाठ ताठ करून ती चालवायच्या, आणि काका शेजारी नकाशा घेऊन बसायचे. "पुढच्या ट्रकपासून अंतर कमी पडतंय." "उतरा आणि मोजून या," काकू म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकूंना स्ट्रोक आला. डावा पाय ओढत टाकतात, डावा हात मांडीवर पडून असतो. जीभ मात्र शाबूत राहिली. ही देवाची कृपा की काकांचं प्रारब्ध, ते ठरवणं कठीण आहे. नजर, उजवा हात, उजवा पाय सगळं ठीक, म्हणून रिहॅबवाल्यांनी ड्रायव्हिंगची टेस्ट घेतली. काकू पास झाल्या. पण घरातल्या नव्या गाडीला हात लावायला तयार नाहीत. मी तेव्हा त्यांच्याकडे चकली खात बसलो होतो.

"ती गाडी दर दोन मिनिटांनी टुणटुण करून मला शिकवते," काकू म्हणाल्या. "घरात एक शिकवणारा आहे, पुरे. चालवीन तर माझी चालवीन. नाहीतर विषय बंद."

विषय बंद झाला, असं मी समजलो. काकांनी फक्त कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. मी दुसरी चकली घेतली.

पंधरा दिवसांत काकांनी त्या जुन्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स काढून गॅरेजमध्ये ठेवला. त्या जागी अपघातात गेलेल्या एका पिकअप ट्रकमधलं नवं, कॉम्प्युटरवर चालणारं इंजिन बसणार होतं, आणि त्याला जोडून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गॅरेज असं भरून गेलं की गाडी बाहेर ड्राइव्हवेवर, पोटात काही नसताना उभी.

समोर राहणाऱ्या वेनकडे अशा तीन गाड्या आहेत. रविवारी तो त्या दातांच्या ब्रशने धुतो. मूळ इंजिन आणि मूळ बॉडी यांचे नंबर जुळत असले तर त्या गाडीला या लोकांत फार मान असतो, आणि काकूंच्या गाडीचे जुळत होते. वेन ड्राइव्हवेवर आला, आत डोकावला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. इंजिन नवं टाकणारे असतात, ते तो समजू शकत होता. पण हाताने टाकायचे गिअर काढून ऑटोमॅटिक? माझ्या भाषेत सांगायचं तर हे पुरणपोळीतलं पुरण काढून आत जॅम भरण्यासारखं होतं. "व्हाय, अच्युत? व्हाय?" तो काकांना विचारत राहिला.

"मायलेज," काका म्हणाले.

मला त्यांनी पर्यावरणाचं कारण दिलं. माझ्या बायकोला सांगितलं की आपले गुडघे दुखतात. पाऊण इंचावर अडून बसणारा माणूस कारणांच्या बाबतीत इतका ढिला कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी आयटीतला माणूस आहे. मला तक्रारीचं तिकीट आल्याशिवाय प्रश्न दिसत नाही.

दर शनिवारी टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं. काकू गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, उजव्या हाताने शेंगा सोलायच्या आणि समालोचन करायच्या. काकांनी इंजिनाची लांबी, रुंदी, उंची आलेख कागदावर काढली होती. बॉडीची काढली होती. साखळीच्या कप्पीने इंजिन वर उचललं, हळूहळू आत सोडलं, आणि ते चार इंच वरच अडकलं.

काका टेप घेऊन खाली गेले. वर आले. पुन्हा खाली गेले. खट्ट, खट्ट.

"परात मोजली होती का?" काकूंनी विचारलं.

इंजिनाच्या तळाला तेल साठवणारी लोखंडी परात असते. मापं घेतली त्या दिवशी ती इंजिनाला लावलेलीच नव्हती, कारण काकांनी ती धुवायला काकूंच्या डिशवॉशरमध्ये टाकली होती. ज्या माणसाने माझ्या घराचा पाऊण इंच काढला, तो चार इंचांची परात विसरला! मला इतका आनंद झाला की हातातला टॉर्च हलू लागला. "टॉर्च धरा," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "माझ्या वाट्यांना अजून ग्रीसचा वास येतोय, तो कितीचा ते मोजा." मग उथळ परात मागवली, इंजिन चारदा आत गेलं आणि तीनदा बाहेर आलं. नवा गिअरबॉक्स जाडा निघाला, म्हणून दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा कापून मोठा करावा लागला. पत्रा कापताना वेन आपल्या घरात गेला आणि त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

अशातच कॉलनीच्या कमिटीची नोटीस आली. आमच्या कमिटीला गवत किती उंच असावं याचंही मत आहे. न चालणारी गाडी घरासमोर उभी करता येत नाही. तीस दिवसांत ती स्वतःच्या बळावर चालून दाखवा, नाहीतर आम्ही उचलून नेऊ. शेरिल नावाच्या बाई येऊन बघणार होत्या. काकांनी नोटीस दोनदा वाचली. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला.

"काका, घेऊन गेले तर गेले," मी म्हणालो. "डोक्याचा ताप जाईल."

"टॉर्च धरा," काका म्हणाले.

इंजिन नोटिशीच्या पंचविसाव्या दिवशी सुरू झालं. आता गाडी चालेल हे पक्कं झालं, आणि नेमक्या याच वेळी काकांची कारागिरी मला बिघडल्यासारखी वाटायला लागली. इंडिकेटरचा दांडा त्यांनी स्टिअरिंगच्या डावीकडून काढून उजवीकडे आणला. "काका, तुम्ही अजून मारुतीतच बसलाय," मी म्हणालो. स्टिअरिंगवर त्यांनी एक लाकडी गोळा बसवला, ट्रॅक्टरवर असतो तसा. जुन्या गाडीत हेडलाइट मोठा करायचं बटण डाव्या पायाखाली असायचं. तेही उचलून वर उजव्या हाताशी आणलं. शेवटी त्यांनी ड्रायव्हरची सीट इतकी पुढे आणि वर बोल्ट केली की मी बसून पाहिलं तर माझे गुडघे स्टिअरिंगला लागले आणि डोकं छताला.

"माप चुकलं, काका!" मी ओरडलो. त्या पाऊण इंचाची उधारी मी एका वाक्यात फेडली. "आधी माप, मग बोल!"

काकांचा टेप वाजला नाही. काकू शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या, हे मी पाहिलं होतं, पण माझं स्वतःच्या विनोदावर हसणं अजून संपलं नव्हतं.

तिसावा दिवस शनिवारचा होता. सकाळी दहाला शेरिलबाई पॅड घेऊन आल्या. वेनही आला, जुन्या मालाला शेवटचं बघायला आल्यासारखा बाजूला उभा राहिला. काकांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि ते धरून तसेच उभे राहिले.

"बसा ना काका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "कमल, चल."

काकू काठीवर रेलून दारात उभ्या होत्या. "मी?"

"चालवीन तर माझी चालवीन, म्हणाली होतीस."

"अहो, मी चिडून बोलले होते तेव्हा!"

"मला काय माहीत," काका म्हणाले. "मी लिहून घेतलं."

काकू हळूहळू आल्या. काकांनी काठी घेतली, डावा पाय उचलून आत ठेवला, डावा हात मांडीवर ठेवला. आणि त्या सीटवर, जिथे माझे गुडघे मावत नव्हते, काकू नीट बसल्या. पाठ ताठ. उजवा पाय ब्रेकवर सहज पोचला. तिसरं पेडल नव्हतंच. डाव्या पायाला आता काही कामच नव्हतं. उजवा हात लाकडी गोळ्यावर गेला, तिथून एक बोट लांब केलं तर इंडिकेटर, दोन बोटं लांब केली तर दिवे. गेले पाच दिवस मी ज्याला ज्याला हसलो होतो ते सगळं तिथे होतं, जागच्या जागी. मला स्वतःची लाज वाटली. टॉर्च मी धरत होतो आणि दिसत मलाच काही नव्हतं.

काकूंनी एकेका गोष्टीला हात लावून पाहिला. मग मान न वळवता विचारलं, "माझं माप कधी घेतलंत?"

"तू टीव्ही बघत होतीस," काका म्हणाले आणि त्यांनी दार लावलं.

मला वाटलं आता ते पलीकडून फिरून नकाशावाल्या सीटवर बसतील. ते मागे सरकले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्ही नाही जात?"

"दोन वर्षं ती एक मिनिट एकटी नाही," काका म्हणाले. "बाथरूमच्या दाराबाहेरसुद्धा मी उभा. कंटाळली असेल हो ती मला. सूचना देणारा नको आज बाजूला."

गाडी घुमली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली, उजवा इंडिकेटर लागला आणि ती दिसेनाशी झाली. शेरिलबाईंनी पॅडवर खूण केली, "लव्हली कार" म्हणाल्या आणि निघून गेल्या. कॉलनीला एक फेरा मारायला चार मिनिटं लागतात. हे काकांनीच कधीतरी मोजलं होतं.

सात मिनिटं झाली. दहा झाली. काकांनी खिशातून टेप काढला, पण ओढला नाही, मुठीत धरून ठेवला. मी विचारलं, "काका, फोन करू?"

"नको. तिचा एकच हात आहे, तो स्टिअरिंगवर असू दे."

वेनने टोपी हातात धरली होती. काका गल्लीच्या टोकाकडे पाहत होते, पापणी न लवू देता. पंधराव्या मिनिटाला वेन म्हणाला, "लिसन." आधी आवाज आला, मग ते लांब नाक वळणावर दिसलं. काकूंनी गाडी ड्राइव्हवेवर आणली, मधोमध, आणि बंद केली. गाल लाल झाले होते, केस विस्कटले होते, काच खाली होती.

"हायवेवर गेले होते," त्या म्हणाल्या. "पुढच्याच एक्झिटला खाली उतरले."

काका खिडकीपाशी गेले. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि मग नेहमीच्या तक्रारीच्या आवाजात म्हणाल्या, "सीट अजून अर्धा इंच पुढे हवी."

काकांनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्याने कानावरची पेन्सिल काढली.