कुंपणापलीकडची घाणेरी

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना दिसलेलं झाड न ओळखता पुढे जाणं जमत नसे. म्हणूनच लेकीने सकाळी फोनवर बजावलं होतं, "बाबा, सासूबाई पहिल्यांदाच तुमच्याकडे येतायत. त्यांचं काही बिनसलं तर निस्तरायचं मला आहे. झाडांवर व्याख्यान नको."

मास्तरांनी कबूल केलं आणि त्या यायच्या आत हौस भागवून घ्यावी म्हणून ते फाटकाशेजारच्या भिंतीवरून वाकले. पलीकडे गटाराच्या कडेला एक झुडूप फुललं होतं.

"अहो, कोण आलंय बघा!" बायकोने खिडकीतून हाक मारली.

मास्तरांचे कान हल्ली अक्षरं बदलत. त्यांना 'कोणतंय बघा' ऐकू आलं. पान चुरगाळून हुंगत, मागे न वळता ते खणखणीत आवाजात म्हणाले, "घाणेरी! लांबून रंगीबेरंगी, जवळ गेलं की वास. कोणी बोलवत नाही, आणि एकदा आली की हलत नाही!"

फाटकात विहीणबाई उभ्या होत्या. कपडे फुलाफुलांचे होते.

"मी गाडी परत बोलावते," त्या म्हणाल्या.

"अहो, तुम्हाला नाही!" बायको धावत बाहेर आली. "ते झुडपाशी बोलत होते."

"झुडपाशी?"

"नेहमीच बोलतात."

हे विहीणबाईंना लगेच पटलं. सुनेने घरी बरंच सांगितलं असावं. त्यांनी पिशवीतून एक कुंडी काढली. "मग हे तुम्हालाच, भाऊ. नर्सरीतून आणून गच्चीत लेकरासारखं वाढवलंय. ओळखा बघू कोणतं?"

पिवळी-गुलाबी फुलं, खरखरीत पानं. मास्तरांनी पलीकडचं झुडूप पाठीने झाकलं. डोळ्यांसमोर लेक आली. जन्मात पहिल्यांदा ते म्हणाले, "नाही बुवा ओळखता येत."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

विहीणबाईंनी एक पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरलं. "आता?"

"नाही," मास्तर श्वास रोखून म्हणाले.

"भाऊ, तुमच्या खांद्यावरून हिची सख्खी बहीण डोकावतेय."

मास्तरांनी मान खाली घातली. "मूळची बागेतलीच हो ती. चांगल्या घरची."

"असू दे." विहीणबाईंनी आपली बॅग त्यांच्या हातात दिली. "दोनच दिवस राहणार होते. पण एकदा आली की हलत नाही म्हणालात ना?"

मास्तर आत निघाले. बॅग दोन दिवसांच्या मानाने आधीपासूनच फार जड होती.