मखमली झुलीखालचे लेथयंत्र

ज्याने लोखंडास आकार आणि हातास अक्कल दिली त्यास प्रथम वंदन असो. त्याउपरी हकीकत लिहिली जाते ती ऐसी जे, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी, एका राज्यात (राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, ऐसी राज्ये बहुत आहेत) एक थोरली गढी होती. गढी म्हणजे कारखाना. त्यात लोखंडाचे दांडे आत जात आणि मोटारींचे सुटे भाग बाहेर येत, आणि गढीचा लौकिक समुद्रापलीकडे जाहला होता. त्या राज्यी ऐसी राजाज्ञा होती की ज्या गढीस बरकत आहे तिने बरकतीचा काही अंश गोरगरिबांच्या कामी लावावा, आणि लावल्याचे दाखवावे. लावणे सोपे, दाखवणे अवघड, म्हणोन गढीने धर्मखाते उघडिले आणि त्यावर वसंतराव टिपणीस यांसी कारभारी नेमिले. कारभारी माणूस सज्जन, मृदुभाषी, कोणाचे वाईट न चिंतणारा, आणि फोटो काढवून घेण्याचे कामी अत्यंत दक्ष. त्याच मुलुखी गावाबाहेर मृणालिनीबाई बेहेरे यांचा शिक्षणमठ होता. शाळा सुटलेली, वय जाहले म्हणोन अनाथालयातून बाहेर पडलेली, पालांवर नि वस्त्यांवर वाढलेली पोरे-पोरी तेथे येत आणि हातास धंदा लागावा म्हणोन शिकत. बाईंनी उमेदीची सारी वर्षे मठात घातली होती. परंतु मठ चालविणे तो दर साली कोणाच्या तरी दारी उभे राहूनच, त्यामुळे देणाऱ्याचे मन दुखवू नये ही सवय बाईंचे अंगी खोलवर मुरली होती. पुढे जो पेच पडला तो या सवयीतूनच पडला.

मग गढी आणि मठ यांमध्ये तह जाहला. कलमे ऐसी ठरली की, गढीने मठास एक नवेकोरे लेथयंत्र द्यावे, मठाने त्यावर मुले तयार करावी, आणि दसऱ्यापूर्वी गढीचे मिस्त्री परीक्षा घेतील, त्यात जी उतरतील त्यांस गढीत कामास घ्यावे, न उतरल्यास त्या जागा बाहेरच्यांस द्याव्या. लेथयंत्र म्हणजे काय, तर ज्यात लोखंडी दांडा चक नावाच्या जबड्यात आवळून गरगर फिरवितात आणि पात्याने सोलून त्यास हवा तो आकार देतात, ते. यंत्र मालमोटारीतून आले तेव्हा वाजंत्री लाविली, नारळ फोडिला, कुंकवाचे स्वस्तिक काढिले, फीत कापिली, आणि कारभाऱ्यांनी यंत्राच्या मुठीस हात लावून फोटो काढविला. वेष्टनाचे प्लास्टिक चाकावर तसेच राहू दिले. मग बाईंनी विचार केला की, ऐसी मोलाची वस्तू धुळीत कशी ठेवावी? म्हणोन शिंप्यास बोलावून तांबड्या मखमलीची, सोनेरी किनारीची झूल शिवविली, जैसी अंबारीच्या हत्तीस घालितात तैसी, आणि ती यंत्रावर चढवून खोलीस कुलूप घातिले. कारभाऱ्यांची स्वारी महिन्यामहिन्यास येई, तेव्हा झूल निघे, कारभारी यंत्रास चहूंकडून पाहात, बोटाने पत्रा पुसून बोटास धूळ नाही ऐसे पाहोन संतोष पावत, आणि म्हणत, "वा बाई! अगदी शोरूमसारखं ठेवलंय हो. वरती कळवतो." बाईही संतोष पावत. मग झूल पुन्हा चढे. आणि मुलांस शिक्षण कैसे देत, तर भिंतीवर यंत्राचे मोठे चित्र टांगिले होते, त्यावर छडी ठेवून भागांची नावे पाठ करून घेत. त्या कामी मुले इतकी तरबेज जाहली की झोपेत विचारले असता टेलस्टॉकपासून हेडस्टॉकपर्यंत एक नाव चुकत नसत.

त्या मुलांत यल्लू धोत्रे नावाची मुलगी होती. तिचे आईबाप दगडाच्या खाणीवर खडी फोडीत. खाण संपत आली होती आणि ठेकेदाराने सांगितले होते की कार्तिकात सारा डेरा उचलून दूरच्या खाणीवर न्यावयाचा. यल्लूस गढीत काम लागले तर ती येथे राहणार, न लागले तर घण घेऊन आईमागे जाणार, आणि शिकणे ते कायमचे सुटणार. इतके तिचे त्या परीक्षेवर अवलंबून होते. ती बाईंस म्हणाली, "बाई, एकदा हात लावू द्या की मशिनीला." बाई म्हणाल्या, "अगं, लावायचाय ना. पण आधी नीट पाठ होऊ दे. ते आपलं थोडंच आहे यल्लू? दिलेलं आहे." शेजारी इरफान बागवान म्हणोन एक थट्टेखोर मुलगा बसे, तो बोलिला, "यल्ले, गप बस. ती नवी नवरी हाय. सासरचं मानूस आल्याबिगर तोंड दावत न्हाई." सगळी मुले हसली, बाईही हसल्या, आणि कुलूप तसेच राहिले.

पुढे भाद्रपदी गढीतून निरोप आला की परीक्षेपूर्वी एकदा मुलांस आणून दाखवावे. तेव्हा बाई मुलांस घेऊन गेल्या. गढीच्या कातशाळेवर, म्हणजे जेथे लेथयंत्रे चालत तेथे, जनार्दन पांचाळ मिस्त्री मुख्य होते. माणूस तापट, बोलणे थोडके, आणि डाव्या हाताचे एक बोट यंत्राने पूर्वीच नेलेले. त्यांनी मुलांस रांगेत उभे केले आणि भाग विचारिले. मुलांनी सारी नावे घडाघड सांगितली. मिस्त्री प्रसन्न जाहले आणि म्हणाले, "झकास. आता हा दांडा लावा आणि थोडा सोलून दाखवा." तेव्हा कोणी पुढे होईना. मग यल्लू पुढे जाहली आणि तिने आधी यंत्रास वाकून नमस्कार केला, कारण यंत्रापुढे लोकांस आजवर तिने इतकेच करताना पाहिले होते. मिस्त्री म्हणाले, "पूजा आटपली असेल तर चालू करा, बाईसाहेब." यल्लूने दांडा चकात घातिला, आवळण्याच्या किल्लीने आवळिला, आणि किल्ली चकातच ठेवून बटनाकडे हात नेला. मिस्त्रींनी झडप घालून तिचे मनगट धरिले. यंत्र फिरते तर ती किल्ली गोळीसारखी सुटती आणि समोरच्याच्या कपाळात बसती. मिस्त्रींनी दुसऱ्या हाताने किल्ली उपसून काढिली. मग बाईंकडे वळून म्हणाले, "या पोरांनी मशीन कधी चालवलंय?" बाई म्हणाल्या, "चित्रावरून सगळं शिकवलंय." मिस्त्री म्हणाले, "चित्रात किल्ली सुटत नाही, बाई. न्या यांना. दसऱ्याच्या आधी परत आणा. तेव्हाही असंच असेल तर मी एकाला पण घेणार नाही, मग वरून कोणाचा का फोन येईना." ऐसे म्हणोन त्यांनी यल्लूचे मनगट सोडिले. त्यावर बोटांचे वळ उठले होते.

मठात येताच यल्लू बाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बाई, आजपासून झूल काढा." बाई म्हणाल्या, "काढीन गं, पण टिपणीस साहेबांना विचारून." मग बाईंनी कारभाऱ्यांस विचारिले. कारभारी म्हणाले, "अहो बाई, वापरायलाच दिलंय की! वापरा ना, खुशाल वापरा. फक्त एवढंच, की वर्षअखेरीला समुद्रापलीकडची वरिष्ठ मंडळी बघायला येणार आहेत. तोवर वापरल्यासारखं दिसता कामा नये." बाईंनी ते उत्तर बहुत वेळ मनात घोळविले. यंत्र बिघडले तर तह जाईल, तह गेला तर पुढील साली येणारी मुले कोठे जातील, हा एक विचार. आणि समोरची मुले आज कोठे जातील, हा दुसरा. दोहींची सांगड घालू पाहात होत्या, ती बसेना. शेवटी यल्लूस म्हणाल्या, "समजा, तुझ्याकडून काही मोडलं तर?" यल्लू म्हणाली, "मोडंल की. आमच्या खानीवर नव्या पोरीचा घण पैल्यांदा दगडावर बसतच न्हाई, पायावर बसतो. म्हनून आई काय घण कपाटात ठिवती व्हय?" बाई उठल्या आणि स्वतः जाऊन कुलूप काढिले, झूल ओढून कोपऱ्यात टाकिली, आणि चाकावरचे प्लास्टिक नखाने सोलून काढिले.

पहिला हात यल्लूचा. दांडा आवळिला, किल्ली काढून खाली ठेविली, यंत्र चालू केले, आणि दांडा सोलू लागला तेव्हा लोखंडाचे कुरळे कीस उडू लागले आणि मुलांनी टाळ्या पिटिल्या. त्या टाळ्यांच्या भरात यल्लूचे भान सुटले, पाते थांबविण्याचे राहिले, आणि पाते सरकत सरकत जाऊन फिरत्या चकाच्या जबड्यावर आदळले. मोठा आवाज जाहला. पात्याचा तुकडा उडून भिंतीवरच्या चित्रास भोसकून गेला. यंत्र बंद केले तो जबड्यास खोल चर पडलेली, नव्या धातूत ती पांढरी चमकत होती. सगळ्यांचे डोळे बाईंकडे लागले. बाईंनी जवळ जाऊन ती चर बोटाने चाचपली. मुलांस वाटले की आता झूल पुन्हा चढणार. बाई म्हणाल्या, "कुणाला लागलं नाही ना? बरं. नवीन पातं लावा. आणि इथून पुढं चालत्या मशीनजवळ टाळ्या वाजवायच्या नाहीत. पुढचा कोण?" मग इरफान पुढे जाहला, आणि त्याउपरी सकाळपासून सांजेपर्यंत यंत्रास विसावा मिळाला नाही. फरशी तेलाने काळी जाहली, मुलांच्या बोटांस कीस लागून चिरा पडल्या, रंग उडाला, स्वस्तिक पुसले गेले, आणि भागांची नावे कोणी पाठ म्हणेनासे जाहले, कारण म्हणण्यास वेळ नव्हता.

मग आश्विन मासी कारभाऱ्यांची स्वारी फोटो काढणाऱ्यास घेऊन अवचित आली, आणि जनार्दन मिस्त्री परीक्षेचा दिवस ठरविण्याचे निमित्ताने त्यांच्याच गाडीत होते. कारभाऱ्यांनी यंत्र पाहिले आणि दारातच उभे राहिले. "हे काय केलंत बाई?" म्हणाले. "वरिष्ठांना मी काय दाखवू? त्यांना वाटेल आपण भंगार दिलं!" बाई म्हणाल्या, "वापरलंय, साहेब." कारभारी म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. पहिल्या दिवसाचे फोटो आहेत माझ्याकडं, तेच लावतो. हे दिसायला नको." बाई म्हणाल्या, "आणि उद्या मुलं कामाला लागली आणि कशानं लागली असं त्यांनी विचारलं, तर त्या फोटोत काय दाखवाल?" ऐसे कठोर बोल बाईंनी कोणा देणाऱ्यास पूर्वी कधी ऐकविले नव्हते. इतक्यात मिस्त्री खाली बसून चकाची चर पाहात होते, ते म्हणाले, "हा प्रताप कुणाचा?" यल्लू म्हणाली, "माजा." मिस्त्री म्हणाले, "कधी?" यल्लू म्हणाली, "पैल्या दिशी." मिस्त्री म्हणाले, "मग दुसरी चर कुठंय? दिसत नाही." यल्लू म्हणाली, "दुसरी पडलीच न्हाई." मिस्त्री हसले नाहीत, परंतु उठून बाह्या सारिल्या आणि म्हणाले, "या एकेक. परीक्षा इथंच घेतो. या मशीनवर मला जास्त कळेल."

परीक्षा जाहली. बहुतेक उतरली. इरफान उतरला नाही. त्याचा दांडा प्रत्येक वेळी एका बाजूस बारीक होई, आणि मिस्त्रींनी त्यास स्पष्ट सांगितले की, तुझा हात घाईचा आहे, तू मोटार गॅरेजात जा, तेथे घाई लागते. इरफान म्हणाला, "मिस्त्री, नापास पन किती गोड करता हो तुमी!" आणि बाहेर जाऊन एकटाच पायरीवर बसला. यल्लूचा दांडा मिस्त्रींनी मापून पाहिला, उजेडात फिरविला, आणि बाजूस ठेवून म्हणाले, "सोमवारी यायचं. केस बांधून."

तहाचे पुढे काय जाहले ते ऐसे. कारभाऱ्यांनी वरिष्ठांस जुने फोटो दाखविले नाहीत, तेलकट यंत्रच दाखविले, इतके त्यांचे धारिष्ट. वरिष्ठांस ते रुचले नाही. मुले कामास लागली हे ऐकोन त्यांनी मान डोलविली, परंतु चित्र देखणे नाही म्हणोन पुढील साली दुसऱ्या एका मठाशी तह केला आणि तेथे नवे यंत्र दिले. मृणालिनीबाईंचे यंत्र चर पडलेले, ते परत कोणी मागितले नाही, म्हणोन मठातच राहिले. कारभारी अधूनमधून स्वतःच्या गाडीतून तेलाचा डबा आणि पाती आणून देत, फोटोवाल्यास न आणता.

आणि कार्तिकी डेरा हलला. सामान, कोंबड्या, घण, सारे मालमोटारीत भरले आणि मोटार गढीच्या फाटकापाशी क्षणभर थांबविली, तेव्हा यल्लूची आई नागव्वा उतरली. पहारेकऱ्याने आत निरोप दिला. यल्लू निळा कोट घालून, केस बांधून बाहेर आली. नागव्वेने आधी कोट पाहिला, मग लेकीचे हात हाती घेऊन नाकाशी नेले आणि म्हणाली, "तेलाचा वास मारतोय." यल्लू म्हणाली, "साबनानं जात न्हाई आई." नागव्वा म्हणाली, "जाऊ नगं दिऊस. रांधतीस का न्हाई?" यल्लू म्हणाली, "रांधती." नागव्वा म्हणाली, "मीठ बघून घाल. तुजा हात खारट हाय." मोटारीचा भोंगा वाजला. नागव्वा चढली. जेवणाची सुटी संपत आली होती, तरी मोटार वळणाआड जाईपर्यंत यल्लू फाटकाशी उभी राहिली, आणि मग आत गेली.

तात्पर्य, शोभन संवत्सरी गढीने यंत्र दिले, मठाने ते प्रथम जपले आणि मग झिजविले, आणि झिजविले तेव्हा ते मुलांस पोहोचले. देणारे सज्जन होते, घेणारी सज्जन होती, आणि दोघांच्या सज्जनपणात मुलांचे एक साल जाता जाता राहिले. जैसे घडले तैसे लिहिले. वाचणाऱ्याच्या घरी कोणाची ऐसी भेट झाकून ठेविली असेल तर त्याने आजच उघडावी, इति.