शेवटचा सीन आणि माझी मिशी

पिक्चरचा एकच सीन राहिला असताना मी मिशी काढून टाकली.

मिशी माझी असली तरी पिक्चर सुदामचं होतं. सुदाम म्हणजे आमच्या परतूरचा, एम. ए. होऊन चार वर्षं घरी बसलेला दिग्दर्शक. दोन बेकार पदवीधरांवर तो मोबाईलवर विनोदी पिक्चर काढत होता. हिरो मी आणि बंडू. भूमिकेची तयारी दोघांनाही करावी लागली नाही.

सुदाम दिवसभर 'कट' म्हणतो. एकदा वडील त्याला झापत होते, तर मध्येच म्हणाला, "कट! दादा, बराबर आलं. फक्त जरा उजेडात येऊन पुन्हा झापा."

दादा उजेडात आले. हातात पायताण घेऊन.

मिशी मी जालन्याच्या एका मुलाखतीसाठी काढली होती. म्हटलं, जरा साहेबासारखं दिसावं. तिथल्या बाईंनी अर्जावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, "उमेदवार कुठं आहेत?"

परत आलो तर सुदाम भडकलेला. "मिशी येईस्तोवर शूटिंग बंद!"

बंडूला पुण्यात गोदामात काम लागलं होतं. तो म्हणाला, "मी उद्या चाललो बाबा. तिकडून हात हलवू का?"

शेवटी सुदामच्या आईनं काजळानं माझ्या ओठावर मिशी रेखली आणि आम्ही जीपच्या अड्ड्यावर गेलो. सीन सोपा होता. दोघं मित्र घनसावंगीच्या जीपमध्ये बसतात आणि गाव सोडतात.

"बराबर न्हाई. पुन्हा," सुदाम म्हणाला.

आम्ही उतरलो की आमच्या जागेवर खरी माणसं बसायची. अकराव्या वेळेला मी एका मावशींच्या वांग्याच्या पाटीतच बसलो. ड्रायव्हर ओरडला, "ओ हिरो, बसून राह्यले का उतरून राह्यले? एक काय ते ठरवा!"

मी चिडून सुदामच्या हातातला मोबाईल ओढला. आत एकही टेक नव्हता. गड्यानं बटणच दाबलं नव्हतं.

"हे काय रे?"

सुदाम चपलेनं माती उकरत राहिला. "हा सीन झाला की पिक्चर संपलं. बंडू उद्या चालला. तुला बी कुठं ना कुठं लागंलच. मंग मी 'कट' कोणाला म्हणू?"

बंडू उगाच जीपचं चाक बघायला लागला. मला एकदम भरून आलं. डोळे-तोंड पुसलं तर काजळाची मिशी पार कानापर्यंत गेली.

"घे," मी म्हणालो, "आता खरंच घे."

त्यानं बटण दाबलं. आम्ही गाडीत बसलो. मला रडू आवरेना.

"कट! बंडू, झकास." मग सुदाम माझ्याकडे वळला. "तुझं रडणं मात्र खोटं वाटून राह्यलं. तुला अ‍ॅक्टिंग जमतच न्हाई, गड्या. मिशी होती तवाबी जमत नव्हती."