गाऱ्हाण्याला विमा नसतो
चारकोपमधील समस्त वैद्यवर्गावर कधी ना कधी खटले होतील, परंतु आपल्या केसालाही धक्का लागणार नाही, अशी डॉ. शिवदास मुणगेकरांची निस्सीम श्रद्धा होती. त्यांनी वैद्यकीय दायित्वाचा विमा उतरवला होता. धन्वंतरीच्या तसबिरीशेजारी विमा कंपनीचे कॅलेंडर लावून ते दोहोंना एकाच उदबत्तीने ओवाळीत.

विम्याचा एजंट नितेश याने त्यांना एक महामंत्र दिला होता. "सर, काहीही होऊ दे, चूक कबूल करायची नाही. कंपनीला न विचारता 'चुकलं' म्हणालात की पॉलिसीची वाट लागली."

पुढे त्यांचे जुने रुग्ण आणि शेजारी गुणाजी गुडघ्याचे इंजेक्शन घेण्यास आले. डॉक्टरांनी प्रथम त्यांची संमतीपत्रावर सही घेतली. मग चित्रीकरणासाठी मोबाइल उभा केला, उजेड नीट पडावा म्हणून गुणाजींना फिरवून बसवले आणि संमतीपत्रातील अटी गंभीर स्वरात वाचता वाचता सुई टोचली. इतक्या सावधगिरीनंतर ती चुकीच्या गुडघ्यात गेली, यात नवल ते काय?

"डॉक्टरानू," गुणाजी शांतपणे म्हणाले, "दुखता ता ह्या ढोपर. सुई मारलास त्या ढोपरात."

'चुकलं' हा शब्द डॉक्टरांच्या ओठांपर्यंत आला होता. त्यांनी तो गिळला. "सदर घटनेची नोंद घेण्यात आली आहे."

"नोंद कित्याक? चुकला म्हना, विषय संपलो."

"त्याविषयी मी भाष्य करू शकत नाही."

गुणाजींच्या पत्नी जानकीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. "आमच्या घराकडे वडे-सागोती खाताना बरा भाष्य करतास," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याचा हात धरून निघून गेल्या.

डॉक्टरांनी तत्काळ नितेशला फोन केला.

"झकास केलंत सर! येऊ दे त्यांना कोर्टात. आपला वकील बघून घेईल."

डॉक्टर नोटिशीची वाट पाहू लागले. पण नोटीस काही येईना. आली ती सोसायटीची सत्यनारायणाची पूजा, आणि तीत गाऱ्हाणे घालण्याचा मान गुणाजींचा. कोकणची रीत अशी, की एकाने देवापुढे उभे राहून मागणे मागावे आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यास दुजोरा द्यावा.

"बा देवा म्हाराजा," गुणाजींनी खणखणीत आवाज लावला, "आमच्या डॉक्टराक उजवा-डावा कळनासा झाला हा..."

"व्हय म्हाराजा!"

"...आनि चुकला म्हनाक तेंची जीभ उचलना नाय. ती मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभागृह दुमदुमले. पहिल्या रांगेत डोळे मिटून हात जोडलेले डॉक्टरही जन्मजात सवयीने सर्वांत मोठ्याने म्हणाले.

प्रसाद हातात घेऊनच त्यांनी नितेशला फोनवर गाठले. "देवापुढे 'व्हय म्हाराजा' म्हटलं, तर ती कबुली धरतात का रे?"

"साक्षीदार किती?"

"अख्खी सोसायटी."

"कंपनीला विचारतो, सर. पण ते विचारतील, केस कुठल्या कोर्टात आहे?"

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना ओस पडला. ज्यास उजवे-डावे कळत नाही, त्याच्यापुढे हात तरी कोणता करायचा, हा रुग्णांचा प्रश्न रास्तच होता. डॉक्टरांनी माशा मारीत पुन्हा फोन लावला. "नितेश, पेशंट गेले तर भरपाई मिळते का?"

"नाही सर. पण चांगली बाजू बघा ना. पेशंट नाही म्हणजे केस नाही. तुमची रिस्क शून्य झाली."

इतकी परिपूर्ण सुरक्षितता डॉक्टरांना सोसवेना. ते तडक गुणाजींच्या दारात गेले आणि चप्पल काढण्यापूर्वीच म्हणाले, "गुणाजी, चुकलं माझं."

"ह्याच्यासाठी इतको येळ?" गुणाजी म्हणाले. जानकीबाईंनी चहाचे आधण ठेवले. गुणाजींनी मात्र ही वार्ता सोसायटीच्या फाटकापर्यंत स्वतः पोहोचवली.

सकाळी दवाखान्यासमोर रांग लागली होती. डॉक्टरांचा ऊर भरून आला. पण तीत आजारी कोणीच नव्हते. एकास जुन्या कडू औषधाबद्दल 'चुकलं' ऐकायचे होते, तर दुसरीस आपल्याला लठ्ठ म्हटल्याबद्दल. डॉक्टर प्रत्येकास नम्रपणे ते ऐकवीत राहिले.

शेवटचे गृहस्थ अनोळखी निघाले.

"आपण माझ्याकडे कधी आला होता?" डॉक्टरांनी विचारले.

"छे हो, माझे डॉक्टर बोरिवलीला. त्यांनीपण पॉलिसी काढलीय ना, बोलतच नाहीत. तेवढं त्यांच्या वतीनं तुम्हीच म्हणून टाका."

डॉक्टरांनी म्हणून टाकले.